बॉनेटला हात लावून

किस्से आणि बर्फ, दोन्ही आपोआप साठतात. आपण वाकून वाकून ड्राइव्हवे शोव्हल करावा, आत येऊन बूट काढावेत, तेवढ्यात सिटीचा बर्फ लोटणारा प्लाउ येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी नवा ढीग टाकून जातो. ऑटवाजवळच्या आमच्या कनाटाच्या मराठी मंडळींत गेल्या विंटरला असेच किस्से साठले, आणि सगळे एकाच विषयाचे: जुनी, स्वस्त, पण भरवशाची स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. सगळ्यांच्या मुळाशी आमचा समोरचा शेजारी सतीश आहे आणि त्याच्यामुळे माझ्या पोटात होणारी जळजळ आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. बायकोला ठाऊक आहे, म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे.

* * *

सतीश आणि मी एकाच टेक पार्कमध्ये नोकरीला. त्याचं घर आमच्या किचनच्या खिडकीसमोर. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याने सेकंडहँड स्नोमोबिल घेतली. लालभडक, मागे दुसऱ्याला बसायला ऐसपैस सीट. कोणी म्हातारा कायमचा फ्लोरिडाला चालला होता, त्याने मातीमोलाने देऊन टाकली म्हणे. असे म्हातारे नेहमी सतीशलाच कसे भेटतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

दसऱ्याला त्याने आम्हा सगळ्यांना पूजेला बोलावलं. बर्फाचा पत्ता नाही, ड्राइव्हवेवर मेपलची पानं पडलेली, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली स्नोमोबिल. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग प्रश्न आला लिंबांचा. नवी गाडी लिंबांवरून न्यायची, पण हिला चाकंच नाहीत! पुढे दोन स्की, खाली रबरी पट्टा. शेवटी लिंबं स्कीखाली ठेवायचं ठरलं.

मी म्हटलं, "सतीश, चालू कर ना इंजिन."

"इंजिन कशाला उगाच? चौघं लागा, ढकलू या."

मग आम्ही चार इंजिनियर मिळून ती ढकलत होतो. लिंबं चिरडेपर्यंत माझी पाठ धरली. वर ग्रुप फोटोत सतीश गाडीवर बसलेला आणि आम्ही मागे घामाघूम! तो फोटो त्याने डीपीला लावला. मी आठवडाभर व्हॉट्सॲप उघडलं की आधी तोच दिसायचा.

* * *

इथवर मी सहन केलं असतं. पण आमची इरा बारा वर्षांची आहे. पूजा झाल्यावर ती त्या मागच्या सीटवर जाऊन बसली, ती उतरेचना. सतीश म्हणाला, पहिला बर्फ पडला की पहिली राइड इराला.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, सतीशकाका इज सो कूल."

मी तिला स्केटिंग शिकवलं. पहाटे उठून स्विमिंगला नेतो. वजा वीसमध्ये तिच्या स्कूलबससाठी उभा राहतो. मला कोणी कूल म्हटलेलं नाही. आणि खरं सांगतो, मला त्या गाडीपेक्षा एकच गोष्ट हवी होती. आणखी एकदोन वर्षांत ही पोरगी हायस्कूलला जाणार, मग बापाबरोबर कुठे जायची तिला लाज वाटणार. त्याआधी एक विंटर तरी तिने माझ्या मागे बसावं, माझ्या कमरेला हात घालून. सतीशच्या नव्हे.

त्याच संध्याकाळी मी बायकोला, मंजिरीला सांगितलं की आपणही स्नोमोबिल घेऊ. ती म्हणाली की आधी विंटर टायर्स, मग बेसमेंटमधली गळती, त्यातून उरेल ते तुझं. उरेल ते बघून मला कळलं की आपल्याला बरीच जुनी गाडी शोधावी लागणार.

* * *

जुनी गाडी म्हटली की आमच्याकडे बापटकाका. चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आता रिटायर्ड. आयुष्यभर मशिनांमध्ये काम केलेलं, त्यामुळे ऑटवा भागातल्या मराठी माणसाने जुनं काही घ्यायचं तर काकांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, असा शिरस्ताच आहे.

काकांनी मला पहिला धडा दिला. जुनी स्नोमोबिल बघायला गेलं की बोलायच्या आधी बॉनेटला हात लावायचा. इंजिन गरम लागलं की समजायचं, विकणाऱ्याने आपण यायच्या आधी चालू करून ठेवलंय. म्हणजे थंडीत ती सुखासुखी चालू होत नाही. "थंड लागली पाहिजे," काका म्हणाले. "थंड म्हणजे माणूस प्रामाणिक." हा नियम इराने माझ्यापेक्षा आधी पाठ केला, कारण प्रत्येक गाडी बघायला ती आमच्या कारच्या मागच्या सीटवर हजर असायची.

पहिली गाडी कार्लटन प्लेस गावाच्या पुढे एका फार्मवर होती. आता आपली पद्धत अशी की कोणाकडे जायचं तर कळवत जायचं. निघताना मी फोन केला, निघालोय. अर्ध्यात कॉफीला थांबलो तिथून केला, अर्ध्यात आलोय. त्याच्या वळणावर पुन्हा केला, पोचतोच आहोत.

पोचलो. काकांनी हातमोजा काढून बॉनेटला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मला मराठीत म्हणाले, "चल."

तो बिचारा माणूस गोंधळून गेला. म्हणाला, तुमचे इतके फोन आले की मला वाटलं तुम्हाला घाई आहे, म्हणून मी गाडी गरम करून ठेवली. शिवाय त्याने आमच्यासाठी मफिन्सही गरम केले होते. ते काकांनी घेतले. गाडी घेतली नाही.

पुढे ती गाडी आमच्याच ऑफिसातल्या एकाने घेतली. मख्खन चालते. हे मला कोणी सांगावं? सतीशने!

* * *

दुसरी गाडी आर्नप्रायरकडे. यावेळी मी फोनला हातही लावला नाही. बॉनेट थंडगार. काका खूश झाले आणि खालचा पट्टा तपासायला म्हणून बर्फात उताणे आडवे झाले.

तपासून झालं, पण काकांना उठता येईना. वय सत्तरच्या पुढे, अंगात दोन स्वेटर, वर पार्का. मी एका बाजूने, विकणारा दुसऱ्या बाजूने, आम्ही ओढतोय. काकांनी आधाराला म्हणून गाडीचा पुढचा बंपर धरला, जोर लावला आणि उठले. बंपर हातात!

तिघेही त्या बंपरकडे बघत उभे राहिलो. काकांनी तो शांतपणे त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाले, "दिस केम विथ मी."

परतीच्या वाटेवर इरा हसून हसून लोळत होती. मला मात्र सतीशच्या बंपरची आठवण येत होती. चकचकीत होता.

* * *

मधल्या काळात सतीशचं बरं चाललं होतं. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी चहा गाळत असायचो आणि समोर हा स्नोमोबिलच्या पूर्ण सुटात, हेल्मेट काखेत धरून, फडक्याने गाडी पुसत असायचा. मग ग्रुपवर मेसेज: आज चाळीस किलोमीटर. आज पन्नास. खाली सगळ्यांचे अंगठे. सतीशच्या घरामागून जुन्या रेल्वेलाइनच्या जागी स्नोमोबिलची ट्रेल जाते. तो म्हणे पहाटे सहाला निघतो, गल्ली झोपलेली असते तेव्हा. आमची बेडरूम मागच्या बाजूला आणि खाली घर तापवणाऱ्या फर्नेसची घरघर, त्यामुळे मला त्याचा आवाज कधी आला नाही. गाडीसुद्धा किती गुपचूप चालते मेल्याची, असं मनात यायचं आणि चहा कडू लागायचा.

इराची राइड मात्र लांबत होती. एकदा बर्फ कमी होता. एकदा लहान मापाचं हेल्मेट यायचं होतं. एकदा सुप्रियाकडे, म्हणजे सतीशच्या बायकोकडे पाहुणे होते. इरा दर रविवारी खिडकीपाशी जाऊन बसायची. मला तिचं वाईट वाटायचं, आणि राइड लांबली म्हणून थोडं बरंही वाटायचं. बाप म्हणून हे शोभत नाही, पण तसं वाटायचं.

* * *

तिसऱ्या गाडीच्या वेळी मंजिरी म्हणाली, तुम्हा पुरुषांना घासाघीस जमत नाही, मी येते.

ही गाडी नदीपलीकडे गॅटिनोला. विकणारा फ्रेंच. बॉनेट थंड, पट्टा चांगला, बंपर मी हलवून बघितला, जागेवर. काकांनी डोळ्यांनीच मला खूण केली, घे. मी खिशात हात घालणार तोच मंजिरीने त्याच्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली.

तो हसून नॉन म्हणाला.

मंजिरी पुण्याची, तुळशीबागेत तयार झालेली. तिने पर्स खांद्यावर टाकली, "राहू दे," म्हणाली आणि शांतपणे चालू लागली. आम्हालाही डोळ्यांनी दटावलं, मागे बघायचं नाही. आम्ही तिघे तिच्या मागोमाग. चौघंही आमच्या कारमध्ये जाऊन बसलो.

हाक आली नाही. मागे दार लागल्याचा आवाज आला.

मंजिरी म्हणाली, येईल, थांब जरा. आम्ही हीटर लावून त्याच्या दारासमोर बसलो. काचांवर वाफ धरली. काकांनी डबा उघडून सगळ्यांना चकल्या दिल्या. मध्ये त्याने खिडकीचा पडदा सारून आमच्याकडे बघितलं, हात हलवला आणि पडदा ओढला.

मग एक पिकअप आली, मागे ट्रेलर. त्यातून उतरलेल्या माणसाने किंमत विचारली, तेवढे पैसे मोजून दिले, स्नोमोबिल ट्रेलरवर चढवली आणि गेला. आम्ही सगळं काचेतून बघितलं.

घरी येईपर्यंत मंजिरी एकच वाक्य बोलली. "इथल्या लोकांना हाक मारायची पद्धतच नाही." इरा खिडकीतून बाहेर बघत होती, या वेळी हसली नाही, आणि ते जास्त लागलं.

* * *

फेब्रुवारी निम्मा सरला होता. आणखी महिन्याभरात बर्फ वितळणार, मग कसली स्नोमोबिल. त्या रविवारी बापटकाका पोहे खायला आमच्याकडे आले होते. नव्या जाहिराती बघत होतो, सगळ्या बजेटच्या बाहेर.

समोर सतीश पूर्ण सुटात, फडकं हातात. काका म्हणाले, चल, त्याला विचारू तरी, कोणाकडे एखादी असेल त्याच्या ओळखीत. सतीशकडे विचारायला जाणं माझ्या जिवावर आलं होतं, पण काका निघालेही. मागोमाग आम्ही तिघं.

आम्हाला बघून सतीशने हेल्मेट काखेत घेतलं. "या काका! पाच मिनिटं आधी आला असतात तर भेटलो नसतो. आत्ता येतोय. साठ किलोमीटर झाले आज."

माझ्या पोटात पुन्हा ती जळजळ उठली. साठ!

काकांचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सवयीने हातमोजा काढला होता आणि बॉनेटवर तळवा ठेवला होता. मग त्यांचा चेहरा उजळला.

"मिलिंद, इकडे ये. हात लाव. अरे, थंडगार आहे! आपण तीन गावं फिरलो, इतकी थंड कुठे मिळाली नाही."

मी हात लावला. बर्फ परवडला. इराने मिटन काढलं, तळवा बॉनेटवर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मिटन पुन्हा घातलं.

काका तोवर वाकून पट्टा बघत होते, नवा कोरा आहे म्हणत होते. मग त्यांनी स्वतःच किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन गरजलं. सतीश एकदम मागे सरकला आणि शोव्हलवर आपटला.

काकांनी इंजिन बंद केलं. "सुंदर," ते म्हणाले. "सतीश, विकतोस का रे?"

सतीशने आधी घराच्या खिडकीकडे बघितलं. आत सुप्रिया उभी होती, हाताची घडी घालून. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तशी विकायची नव्हती. पण तुम्ही म्हणताय तर," आणि किंमत सांगितली.

मंजिरीने त्याच्या निम्मी सांगितली.

"काय वहिनी, चेष्टा करता का? अहो, पूजा केलेली गाडी आहे."

मंजिरीने मफलर नीट केला. "राहू दे," म्हणाली, आणि वळून आमच्या घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे, काका माझ्या मागे. इरा सगळ्यात पुढे गेली, आणि तिने एकदाही वळून बघितलं नाही.

आम्ही अजून त्याच्या ड्राइव्हवेतच होतो, तोच मागून हाक आली.

"अहो वहिनी, थांबा ना!"