पंपासमोरचं गाऱ्हाणं

नवा पेट्रोल पंप उघडला म्हणजे कोणीतरी न विचारता आपल्या घरात शिरलं, असं मानणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. लालबाग-परळचे लोक त्यांना विक्षिप्त म्हणतात. म्हणोत बापडे! ज्या शहरात सकाळीच शर्ट घामाने पाठीला चिकटतो, आणि तरीही नाक्यानाक्यावर आणखी गाड्यांची सोय होते, तिथे विक्षिप्त कोण हे एकदा नीट ठरवायला हवं.

साडू मालवणकडचे. पोस्टमन म्हणून जन्म पायी काढला आणि निवृत्तीनंतरही पाय थांबले नाहीत. लालबागहून रोज चालत शिवाजी पार्कला जायचं, आणि तिथे चालण्यासाठी गाडीने आलेल्या लोकांवर डाफरायचं, हा त्यांचा व्यायाम. एकदा एक गृहस्थ एसी लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत पेपर वाचत बसले होते. साडूंनी काच ठोठावली. गृहस्थ तावातावाने म्हणाले, "काका, पेट्रोल माझ्या पैशांचं आहे." साडू म्हणाले, "पेट्रोल तुझा, हवा कोणाची?" मी मागच्या मागे एका झाडाआड झालो. नाइलाजाने टॅक्सीत बसावं लागलंच, तर प्रत्येक लाल सिग्नलला "इंजिन बंद कर रे बाबा" हे ठरलेलं. एका टॅक्सीवाल्याने तिसऱ्या सिग्नलला इंजिनाऐवजी आम्हालाच बंद केलं, म्हणजे उतरवून दिलं. साडू उरलेली वाट आनंदाने चालले. मी चरफडत मागे.

अशा माणसाच्या, आणि माझ्याही, इमारतीशेजारच्या कोपऱ्यावर पंप येणार असं कळलं. जागा म्हणाल तर दोन पर्जन्यवृक्ष आणि खाली एक बाक. दुपारी आमच्या भागात सावली अशी तेवढीच. साडू वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांना म्हणाले, एका पंपाचं राहू द्या, शहरानेच ठरवा की आता नवा पंप नको. साहेब हसले. "गाड्या काय पाण्यावर चालणार, काका?" यात हसण्यासारखं काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही. साडू म्हणाले, "आसत ते पंप आसांदेत. पण नवी टाकी एकदा पुरलात की ती तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत भरीत बसूक लागतली. जेवान उठलेल्याक परत पान कशाक वाढतास?" गावाला समुद्र त्यांच्या माडांच्या मुळाशी आला आहे, हेही त्यांनी सांगितलं. साहेबांनी चहा मागवला. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकाला चहा पाजला की प्रश्न सुटतो.

खरं उत्तर दिलं ते साडूंच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने. "काका, गॅसच्या लायनीत माझा अर्धा धंदा जातो. इथे गॅसचाही पंप झाला तर पोरांना जेवताना तरी बघीन."  साडू पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी जुन्या पंपार गॅस वाढवा म्हणान मी भांडतंय." आणि ते खरोखर भांडायला गेलेही.

मग आलं भूमिपूजन. पंपाचा मालकही कोकणातलाच, आणि कोकणी माणसाचं शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. कोणीतरी मोठ्याने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या भागात गाऱ्हाणं घालावं ते साडूंनीच. इतकी वर्षं कोणाचा गणपती, कोणाचं दुकान, त्यांच्या आवाजाशिवाय पार पडलं नव्हतं. मालकाने सवयीने त्यांनाच पुढे केलं. साडूंनी नारळावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा ह्या जाग्यार जमलेली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"गाडये उदंड झाले, उन्हान माणसा करपाक लागली, तिकडे दर्यो माडात इलो!"

"व्हय म्हाराजा!"

"तर हय जो पंप येवचो आसा, तो येवच्या आधीच परत धाड, आणि तो आणणाऱ्यांका सद्बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डोळे मिटून, हात जोडून सगळ्यात खणखणीत 'व्हय' म्हटलं ते मालकानेच. डोळे उघडले तेव्हा उशीर झाला होता.

देवाने ऐकलं नाही. झाडं गेली, बाक गेला, पंप झाला. पण लोकांनी केलं ते देवापेक्षा वाईट. पुढच्या गणपतीला मंडळाने गाऱ्हाणं दुसऱ्याला दिलं. तो मोबाइलवर बघून वाचत होता! साडू शेवटच्या रांगेत उभे राहून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. नंतर त्यांना कोणी बोलावलंच नाही. ज्या तोंडाने तुमची सगळी कार्यं मार्गी लागली, ते एकदा खरं बोललं तर तुम्हाला नकोसं झालं? मला याचा फार राग आहे, आणि तो जाणार नाही.

यंदा माझ्या लेकीने स्कूटर घेतली. ती शीवच्या हॉस्पिटलात नर्स, अपरात्री ड्युटी. विजेवरचीच घेणार होती, पण शेजारच्या पंपाविरुद्ध चकार शब्द न काढणाऱ्या आमच्या सोसायटीने चार्जिंगच्या एका सॉकेटला आगीच्या भीतीने नकार दिला. शेवटी पेट्रोलची आली. पूजेला गाऱ्हाणं कोण घालणार? बायको म्हणाली, "भावोजींना कसं विचारणार? त्या गाडीसमोर?" मी घाटावरचा, मला असले संकोच नाहीत. बोलावलं.

साडू आले. स्कूटरभोवती एक फेरी मारली. मग नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान गाडी घेतलेली आसा. ती कसली आसा ता तुका ठाऊक आसा, माकाय ठाऊक आसा."

"व्हय म्हाराजा," आम्ही चाचरत म्हणालो.

"ती तेका कमीच चालवूक लागांदे. पण जेव्हा चालवीत, तेव्हा तेका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

 माझं 'व्हय म्हाराजा' सोसायटीभर ऐकू गेलं असेल.

लेक ड्युटीला निघाली. आम्ही दोघे फाटकाशी उभे राहिलो. कोपऱ्यावर, पंपासमोरच, सिग्नल लाल होता. ती थांबली आणि तिने इंजिन बंद केलं. साडूंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले, सिग्नल हिरवा होऊन ती निघून गेली तरी.