लिसूंच्या गावात एक दिवस कमी

"नजर हाय तवर बगून घ्या म्हणला डॉक्टर. मग चल, बगू," असं ताई म्हणाली आणि आमचं थायलंड ठरलं.

ताई लोणी काळभोरला असते. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. गेल्या दिवाळीत कळलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, एवढंच हातात. सुईत दोरा ओवायला तिला आता शेजारीण लागते. मी धाकटी. वाघोलीत राहते आणि आयटीत लोकांची वेळापत्रकं सांभाळते. बहिणीला होईल तेवढं जग दाखवायचं असा माझा उदात्त विचार, आणि उदात्त विचारांचंसुद्धा मी एक्सेल शीट करते. सहा दिवस, एकोणीस ठिकाणं.

ताईची मागणी एकच होती. तिथल्या डोंगरांत राहणाऱ्या लिसू जमातीच्या बायकांच्या कपड्यांचा फोटो तिने मोबाइल नाकाला लावून पाहिला होता. गळ्याभोवती रंगीत कापडाच्या अरुंद पट्ट्या, एकीला एक खेटून शिवलेल्या, आणि कमरेला शेकडो बारीक दोऱ्यांचे गोंडे. "ह्या बायांना भेटव. बाकीचं तुझं तू बग," म्हणाली.

ती लोणीहून स्वारगेटला आली तीच मुळी एका पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दुसऱ्या पिशवीत कात्री घेऊन. कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर विमानतळावर ठेवून यावी लागेल. मुंबईहून बँकॉक, तिथून चियांग माई. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासा, ते सारखे बदलतात. चियांग माईहून पाय नावाच्या डोंगरातल्या गावाला मिनीव्हॅन मिळते, माणशी दोनेकशे बाथ. वाटेत सातशे बासष्ट वळणं आहेत असं तिथे टी-शर्टवर छापून विकतात. मी चाळीसपर्यंत मोजली, पुढे पिशवी तोंडाशी होती. उलटीची गोळी आधीच घ्या. ताईला काही झालं नाही. ती डोळे मिटून बसली होती.

पायच्या पुढे डोंगरात गाडी ठरवूनच जावं लागतं. गावाचं नाव देत नाही, आधीच पुरेसे लोक ड्रोन घेऊन जातात. लिसूंचे पूर्वज उत्तरेकडून, चीन आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून सरकत इथवर आले. दुपारचे दोन वाजले होते तरी धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. "आता तुला बी माझ्यावानी दिसतंय," ताई म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

आमची यजमानीण अलेमा, पस्तिशीची, कामापुरतं इंग्रजी बोलणारी. राहणं-जेवण माणशी पाचशे बाथ. लाकडी घर, वर पत्रा, आत चुलीचा धूर. जेवायला भात, मोहरीचा पाला आणि खलबत्त्यात कुटलेली मिरची-लसूण. "हा तर ठेचाच हाय की!" ताईने पिशवीतली भाकरी काढून त्याला लावली आणि अर्धी अलेमाच्या सासूला दिली. सासूबाईंनी ती हुंगली, मोडली, खाल्ली आणि उरलेली पदराशी बांधावी तशी कमरेच्या फडक्यात ठेवली. तिथून दोघींचं जमलं.

सासूबाई चुलीपाशी बसून गोंड्याच्या दोऱ्या करत होत्या. करंगळीएवढी कापडाची पट्टी, आत जाड दोरा, आणि कापड बोटाने वळत वळत टाके. उदबत्तीच्या काडीइतकी बारीक दोरी. मी दोन मिनिटं व्हिडिओ काढला आणि मग लक्षात आलं की बाई हाताकडे बघतच नाहीत. अलेमा म्हणाली, सासूबाईंना गेली काही वर्षं नीट दिसत नाही. सगळं बोटांवर.

ताईने माझा दंड धरला. "बिन बगता करतीय?" एवढंच विचारलं आणि सरकून तिच्या शेजारी मांडी घालून बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. पहिल्या चार दोऱ्या सासूबाईंनी उसवल्या, पाचवी ठेवून घेतली. ताईने डोळे मिटून घेतले होते. इतक्या महिन्यांत मी तिला असं निवांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आमची गाडी होती, घाटमाथ्यावरच्या सूर्योदयासाठी. शीटमधलं ठिकाण क्रमांक अकरा. निजायच्या आधी सासूबाई अलेमाशी बराच वेळ बोलल्या. अलेमाने मला सांगितलं, "उद्या ती शेवटचं काम दाखवेल. सगळ्या दोऱ्या एकत्र बांधून गोंडा कसा जुळवायचा ते. अर्धा दिवस लागतो, सकाळच्या ताज्या हाताने करतात. ती म्हणते, राहा. पैसे नकोत."

ताईने विचारलं, "काय म्हणतीय म्हातारी?"

गाडी ठरलेली होती. पुढे गुहा होती, धबधबा होता, चियांग माईचा बाजार होता. आणि खरं सांगायचं तर उरलेल्या डोळ्यांनी ताईने एका चुलीपाशी बसून दोऱ्या वळाव्यात हे मला पटत नव्हतं.

"पुन्हा कधीतरी या म्हणतेय," मी सांगितलं.

ताईने मान हलवली.

घाटमाथ्यावर धुकं होतं. सूर्य उगवला असणार, कारण सगळं करड्याचं पांढरं झालं. रेलिंगला टेकून सत्तर-ऐंशी माणसं त्या पांढऱ्याचे फोटो काढत होती. मी ताईला "तिकडे बघ, तिकडे दऱ्या आहेत" असं सांगत राहिले, आणि ती सांगेन तिकडे बघत राहिली. एकोणीसपैकी सतरा ठिकाणं झाली. ऑफिसात याला उत्तम म्हणतात.

परतून पाच महिने झाले. उजव्या डोळ्याने ताईला आता कडेचं दिसत नाही. ब्लाउज बंद केले. पण ब्लाउजांच्या चिंध्यांच्या दोऱ्या ती वळतेच. डबा भरलाय, लाल, हिरव्या, जांभळ्या, सगळ्या एकसारख्या. गोंडा मात्र जुळत नाही. दहा-बारा दोऱ्या झाल्या की सुटतात. माझ्या व्हिडिओत दोरी वळणं आहे, बांधणं नाही. इंटरनेटवर शोधलं, नाचाचे व्हिडिओ मिळाले. अलेमाला निरोप पाठवले, तिथे रेंज असेल तेव्हा पोहोचतील.

ही पोस्ट टाकण्याआधी काल लोणीला गेले. हल्ली माझं लिखाण मी तिला वाचून दाखवते. "पुन्हा कधीतरी या म्हणतेय" हे वाक्य मी घाईघाईत वाचून टाकलं. ताई दोरी वळत होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हातारीनं माझा हात धरून जमिनीवर ठिवला हुता. मग हात गालाखाली घिऊन दावलं, झोप हितंच. त्याला काय इंग्रजी लागतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका कागद केलावतास," ताई म्हणाली. हातातली दोरी संपवून तिने डब्यात टाकली आणि दुसरी पट्टी चाचपून घेतली. "वाच की. म्होरं काय लिवलंयस?"

पुढे मी धबधब्याला जायचा रस्ता लिहिला होता.