न झिजणारा रॉड

आमच्या सासरी झिजणाऱ्या वस्तूला कुणी किंमत देत नाही. धाकट्या दिरांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, आणि हे निवृत्त होईपर्यंत फौंड्रीत. बाजारातून काहीही आणलं की दोघे भाऊ आधी ते हातात तोलतात, नखानं खरवडतात आणि म्हणतात, "ह्येच्यापेक्षा आपण भारी करू." बादलीची कडी, शेगडीचा स्टँड, देवघराची बिजागरं, सगळं आमच्याकडं दुप्पट वजनाचं आहे. तुटत नाही हे खरं, पण मला उचलतही नाही.

निवृत्तीनंतर ह्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर करून घेतलं, ते सासूबाईंसाठी. गुडघे गेल्यापासून त्या कुणाकडं मुक्कामाला जात नव्हत्या. सकाळी कडकडीत पाण्यानं अंघोळ केल्याशिवाय त्यांचे पाय हलत नाहीत, आणि लोकांच्या न्हाणीत खाली बसता येत नाही. त्यांची सख्खी बहीण गगनबावड्याच्या घाटाखाली राहते, तिचीही तब्येत तशीच. कित्येक वर्षांत दोघींची भेट नव्हती. फोनवर बोलायच्या आणि ठेवताना रडायच्या. म्हणून गाडीत बसून अंघोळ करायला खुर्ची आणि पाणी तापवायची टाकी बसवली. मला ह्यांचं मनापासून कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

टाकीबरोबर आलेलं पुस्तक घरात मी एकटीनं वाचलं. टाकी लोखंडी, आतून लेप दिलेली. पाणी लोखंडाला खातं, म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड घालतात. पाणी आधी त्याला खातं आणि टाकी वाचते. रॉड संपत आला की काढायचा आणि नवा बसवायचा, एवढं साधं काम. आमचं पाणी बोअरचं, त्यामुळं पहिल्याच वर्षी रॉड बाहेर काढला तेव्हा त्याच्या आतली तार दिसायला लागली होती.

दिरांनी तो हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वैनी, वर्सात झिजलाय. माल हलका हाय की!"

"भाऊजी, तो झिजायलाच असतो."

"झिजायला कोण वस्तू करतंय व्हय?"

"साबण करतात की."

हे हसले, दीर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्टेनलेस स्टीलचा रॉड घेऊन हजर. लेथवर स्वतः काढलेला, आटे असे पाडलेले की नुसत्या हातानं फिरवून बसावा. दिसायला देखणा, मान्य. मी पुस्तक उघडून ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "त्यास्नी आपलं काम म्हाईत न्हाय, म्हणून तसं लिवलंय." पालथ्या घड्यावर पाणी! स्टीलचा रॉड टाकीत बसला आणि मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

पुढं कुणाचं लग्न, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, असं करत निघायला आणखी एक वर्ष गेलं. शेवटी ऐन थंडीत आई, म्हणजे सासूबाई, दीर आणि आम्ही दोघं असे चौघं निघालो. वास्तविक दोन-तीन तासांची वाट. पण गाडी घेतलीय तर मुक्काम नको का? म्हणून गगनबावड्यात रात्र काढायची, सकाळी आईंनी अंघोळ करायची आणि मग घाट उतरायचा असं दोघा भावांनी ठरवलं.

सकाळी उठून पाय खाली टाकला तर गाडीत पाणी. टाकीला भोक पडलं होतं आणि साठवलेलं सगळं पाणी गाडीतल्या पंपानं त्यातून बाहेर ढकललं होतं. खाली ठेवलेली आईंची कपड्यांची पिशवी चिंब. कुठून तरी पाणी आणून शेगडीवर तापवू म्हटलं, तर दोघांची डोकी टाकीखाली. आणि अंघोळ करून आई नेसणार तरी काय होत्या?

"पारुशी भनीच्या दारात जायाची न्हाय मी," आई म्हणाल्या. "घरला चला."

"निदान मावशींना फोन तरी करते."

"ऱ्हाऊ दे. घरला जाऊन करू."

घर येईपर्यंत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. मला रडू येत होतं आणि ह्या दोघांचा संतापही येत होता.

घरी आल्याबरोबर दिरांनी टाकी खोलली. आतून चाळण झाली होती. रॉड मात्र जसाच्या तसा, लखलखीत. तो वर धरून ते अभिमानानं म्हणाले, "वैनी, बघा! रॉडला कायबी झालेलं न्हाय!" तोच त्यांच्या पाठीत घालावा असं मला वाटलं.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. आईंना ऐकायला कमी येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"कुटं ऱ्हायलीस गं? सकाळधरनं चुलीवर तुज्या अंगुळीचं पाणी उकळतंय. न्हाणीत तुला बसाया कट्टा बांधून घेतलाय, धराया गजबी लावलाय."

"आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

"तू इचारलंस कवा?"

आईंनी फोन माझ्या हातात दिला. मग भिंतीला धरून उठल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "गाडी काढ."

"आई, टाकी फुटलीय."

"मग? टाकीत बसून जायाचं हाय व्हय मला?"