आबांच्या दुधावरची साय

बारामतीच्या एका कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. हळद हा माझा आवडता धडा. हळदीतलं कर्क्युमिन सुजेवर गुणकारी, प्रयोगशाळेत तर भलतीच आशा दाखवणारं. पण पोटात गेलं की त्याचं काही चालत नाही. पाण्यात ते विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही, आणि शिरतं तेवढंही यकृत लगबगीनं बाहेर काढतं. ते अंगी लागावं म्हणून जगभर लोक डोकं लावून बसलेत. माझे विद्यार्थी हे ऐकताना जांभया देतात.

माझे वडील मात्र कान देऊन ऐकतात, कारण त्यांचा गुडघा दुखतो. आबा आणि आई अंथुर्णे गावी असतात. गेल्या वर्षी आबांना बांधावर चढता येईना. रस्त्याकडेला खुर्ची टाकून ते लांबूनच ऊस बघायचे, आणि ते बघून मला भडभडून यायचं. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "ते गुडघा कापत्यात. माझं हळदीचं दूध चालू हाय."

एका रविवारी गेले तर आबांनी उंबऱ्यातच धरलं. "तुझ्या हळदीत काय दम न्हाय बघ."

"पी हळद आणि हो गोरी, असं नसतं आबा," म्हणत मी स्वयंपाकघरात शिरले. आई त्यांचंच दूध करत होती. म्हशीचं दूध, तापवून निवलेलं. तिनं चमच्यानं वरची जाड साय अलगद उचलून दुसऱ्या भांड्यात ठेवली आणि खालच्या दुधात हळद घातली.

माझ्यातली मास्तरीण खवळली. "अगं, हळद स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागते! साय काढून काय देतेस त्यांना?"

"साय ठिवली तर तूप कशाचं कडवू?" आई शांतपणे म्हणाली. "तुझा डबा कशानं भरायचा?"

तिच्या तुपाचा डबा दर महिन्याला बारामतीला येतो. स्टाफरूममध्ये मी त्याचा तोरा मिरवते. साय कुणाच्या दुधावरची, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"खाऊ दी की पोरीला तूप," आबा बाहेरून म्हणाले. "माझा गुडघा म्हातारा झालाय."

मला रडू आलं, म्हणून मी आणखी चिडले. दसऱ्यापर्यंत साय दुधातच राहील आणि वर चिमूटभर मिरपूड पडेल, असं मी फर्मान काढलं. मिरीनं यकृताची घाई जरा कमी होते. त्यानंही बांध चढता आला नाही, तर निमूट डॉक्टरकडे यायचं. आणि तूप पाठवायचं नाही.

आबा शब्दाला जागणारे. दसऱ्याला म्हणाले, "जरा हलकं वाटतंय, पर बांध न्हाय जमत." स्वतःच गाडीत येऊन बसले. डॉक्टरांनी काही कापलं नाही. गोळ्या दिल्या, व्यायाम शिकवला. मिरीमुळे दुसऱ्या औषधांचाही परिणाम बदलू शकतो, म्हणून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मिरपूड बंद झाली, सायीचं दूध राहिलं.

ऊस तोडीला आला तेव्हा आबा बांधावर उभे होते. गावभर सांगत होते, "हळदीनं केलं." मी दोनदा वाद घातला, मग सोडून दिला. गोळ्यांना थोडंच वाईट वाटणार होतं?

परवा निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले, काठीशिवाय. हातात तुपाचा डबा, काठोकाठ भरलेला.

मी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तुमच्या दुधावरची साय पुन्हा काढली?"

"न्हाय बा. जाड साय खातोय रोज."

"मग हे कुठून आलं?"

आबांनी गोठ्याकडे बघितलं. "तुझ्या आईनं दुसरी म्हस घ्यायला लावली."