पाचवा टेक

नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. ज्याची रॉक गाणी आपण सगळे कॉलेजात ओरडून गायलो, त्याच्या कारकिर्दीवरची फिल्म मी अंधेरीत एडिट करतेय.

म्युझिक व्हिडिओच्या शूटिंगचा सेटवरचा आवाज कोणी ऐकत नाही, कारण शेवटी वर गाणंच लागतं. आज जुन्या टेप जुळवण्यासाठी मी तो चालू केला.

त्याच्या सगळ्यात गाजलेल्या व्हिडिओत तो एका मुलीला थोबाडीत मारतो. ती थप्पड खरी आहे. पाच टेक, पाच थपडा. तिसरीनंतर ती म्हणते, "सर, हळू मारा ना." तो हसतो. पाचव्या थपडेला तिचा ओठ फुटतो. डायरेक्टर म्हणतो, "झकास, हाच ठेवू."

तोच टेक आपण इतकी वर्षं बघतोय. ते रक्त मला मेकअप वाटायचं.

आमच्या फिल्मच्या प्रोड्युसरला ऐकवलं. तो म्हणाला, "म्यूट कर ना यार. आजवर कोणाला कळलं का?"

मी गाणं म्यूट केलं, सेटचा आवाज ठेवला आणि तोच कट त्याला पाठवून घरी आले. उद्या हे काम बहुतेक माझ्याकडे नसेल.

व्हिडिओच्या शेवटी स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांची नावं आहेत, तिचं नाही. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखतं का?