आनंदरावांच्या गाडीचा पहिला रंग

सहा आठवडे झाले. सकाळी फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन पडायची वाट बघत मी उभी होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून कल्याणीचा फोन आला. आमचे शेजारी आनंदराव हे तिचे वडील, त्यांच्या सोबतीला ती पुण्याहून आली होती. "मामी, अप्पा उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाली. मी गॅस तसाच टाकून धावले. आनंदराव कुशीवर झोपलेले, चष्मा उशाशी. आणि माझ्या मनात मेलं पहिलं काय यावं? की आता चार वाजता खाली बॉनेट उघडल्याचा आवाज येणार नाही. खोटं कशाला सांगू, अजून येतो. चार वाजले की माझे कान टवकारतात.

आम्ही नागपूरचे, बँकेच्या बदलीने चेन्नईत आलो आणि इथलेच झालो; इकडे शेजारीण म्हणजे मामी, म्हणून मी कल्याणीची मामी. आनंदराव तंजावरी मराठी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल, आणि कशालाही उत्तर एकच, "परवाइल्ले". म्हणजे असू द्या, काही बिघडत नाही. खाली त्यांची फिकट निळी हेराल्ड मोटार उभी असे, वडिलांनी इथेच मद्रासला नवी कोरी घेतलेली. जुन्या गाडीचा सौदा ठरला की लोक आधी आनंदरावांना न्यायचे. खिशात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं चुंबक. पत्र्यावर ठेवलं की चिकटे. रंगाखाली पुट्टी भरलेली असली की घसरून पडे. पडलं की मालकाचा चेहरा उतरलाच म्हणून समजा. एकदा मीही हौसेनं सोबत गेले होते. येताना म्हणाले, "इंजिन दुसरं मिळतं, सीट शिवून मिळते. पहिला रंग गाडीला एकदाच लागतो, सुमतीबाई. तो शाबूत, कागद शाबूत, तर भाव. नवा रंग दिसला की घेणारा विचारतो, काय झाकलंत?" मी हूं हूं केलं. माझं लक्ष कुठे! चकाकेल ते महाग, एवढीच माझी अक्कल. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. आमचे हे म्हणायचे, हिला चंद्र दिला तर त्यालाही चिंच लावून घासेल.

हेराल्डच्या बॉनेटवर एक खळगा होता. कुणी केला ते मला ठाऊक होतं, मी तिथेच उभी होते. खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ ओवाळला, आणि तो हातातून निसटून थेट बॉनेटवर! "अय्यो!" म्हणून त्या तोंडावर पदर घेऊन खाली बसल्या. आनंदराव पोट धरून हसले. "परवाइल्ले गं, गाडीवरच फुटला, आता हिला कुणाची दृष्ट लागायची नाही." पुढे रुक्मिणीबाई गेल्या. खळगा राहिला.

गेल्या वर्षी आनंदरावांचं बायपास झालं. तीन आठवडे इस्पितळात. किल्ल्या माझ्याकडे. मला वाटलं, माणूस मरणाच्या दारातून परत येतोय, त्याला काहीतरी छान दिसू दे. पुदुपेटच्या एका गॅरेजवाल्याला गाडी दिली. जुना रंग पार खरवडून नवा मारायला सांगितलं, तसाच निळा, पण लखलखीत. वर बोट ठेवून मीच म्हणाले, "आधी हा खळगा भरा."

घरी आले त्या दिवशी आनंदराव आधी गाडीपाशी गेले. मग खिशातून चुंबक काढलं आणि बॉनेटवर बरोबर त्या जागी ठेवलं. ते घसरलं, खाली पडलं. ताज्या टाक्यांवर हात धरून ते वाकले आणि त्यांनी ते उचललं. "परवाइल्ले, सुमतीबाई. नवरीसारखी सजवलीत." मी तर हरखूनच गेले. बिल्डिंगभर पेढे वाटायचे तेवढे राहिले होते!

त्यानंतर ते कुणाची गाडी बघायला गेले नाहीत. रोज चार वाजता खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि आत हात घालून उभे राहायचे. मी गॅलरीतून ओरडायची, "आनंदराव, इंजिन काय पळून जातंय का?" ते वर बघून हसायचे. हात मात्र आतच.

गेल्या पंधरवड्यात कोइम्बतूरहून गाडी बघायला एक गृहस्थ आले. कागद पाहून खूश, इंजिन मूळचं म्हणून खूश. मग रंगावरून हात फिरवला आणि थांबले. म्हणाले, पहिला रंग असता तर दुप्पट दिले असते. असा रंग आता कुठे बघायलाही मिळत नाही, कुणी घालवला? मी म्हटलं, मी. तेव्हा कल्याणी हळूच म्हणाली, "अप्पांनी शपथ घातली होती, मामी. काय गेलं ते तुम्हाला कळू द्यायचं नाही."

दुप्पट गेले चुलीत. त्यांची बायको जिथे होती ती जागा मी पुट्टीनं बुजवली, आणि त्या माणसानं ते वर्षभर गिळलं, का तर मला वाईट वाटू नये म्हणून.

त्या गृहस्थांनी बॉनेट उचललं. हेराल्डचं सगळं तोंडच पुढे उघडतं. आतल्या बाजूला, बाहेरून मी खळगा भरला त्याच्या बरोबर खाली, पत्र्याला नारळाएवढा फुगवटा तसाच होता. आतून कोण भरतंय! आणि त्या फुगवट्याला, फडक्यासकट, आनंदरावांचं चुंबक चिकटलेलं. सुतकाचे बारा दिवस आम्ही ते घरभर शोधत होतो.

त्या गृहस्थांनी ते काढायला हात पुढे केला. "राहू दे!" मी एवढ्या जोरात ओरडले की कल्याणी दचकली. भला माणूस. बॉनेट अलगद खाली टेकवलं.

शुक्रवारी गाडी कोइम्बतूरला गेली. तिच्या जागी फरशीवर तेलाचा काळा डाग आहे, ताटाएवढा. काल वॉचमन बादली आणि ब्रश घेऊन आला, म्हणाला, अम्मा, तुम्हाला डाग खपत नाही ना, घासून टाकतो. मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्याला बादलीसकट परत पाठवलं.