बालाजी घाटावर वाट पाहताना

मनमाडला आम्ही गाडीत बसलो. माझ्या बायकोच्या, रूथच्या, भावाची रेल्वेनं बनारसला बदली केली होती आणि नाताळ उरकून आम्ही नगरहून त्याच्याकडे निघालो होतो. बायको एखाद्या स्टेशनावर पाणी भरायला उतरली, की मी प्रार्थनेला लागायचो. ती बाटली घेऊन वर यायची आणि मला हसायची.

माझं हे लहानपणापासूनचं. आईनं मला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं, "रविवारी येते" म्हणाली आणि आली ती थेट उन्हाळ्यात. तेव्हापासून माणूस नजरेआड झालं, की ते गेलंच असं मला वाटतं. देवाचंही तेच. तो जागेवर आहे ना, हे सारखा हाका मारून बघतो. रूथ आईबापांच्या मांडीवर वाढलेली. तिची प्रार्थना दोन वाक्यांची, मग लगेच घोरणं सुरू.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्यानं आम्हाला गंगेवर नेलं. गल्लीत गरम चूडा-मटर (मटार घातलेले पोहे) खाऊन आम्ही बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरलो. मला पाण्याची भीती, म्हणून मी काठावरच राहिलो. ती दोघं नावेत बसून पलीकडच्या वाळूकडे निघाली. नाव अर्ध्यात पोचली असेल नसेल, तोच दाट धुकं उतरलं. आधी नाव दिसेना, मग नदीच दिसेना.

मी हाका मारत सुटलो. वल्ह्यांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटायचा आणि विरून जायचा. शेजारी एक म्हातारे गृहस्थ जप करत होते. माझं मराठी ऐकून त्यांनी माळ थांबवली. तेही मराठीच, ब्रह्मा घाटावरचे, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले.

"एवढे परेशान का होता? कोहऱ्यात (धुक्यात) नाववाले रेतीवरच थांबतात."

"आणि नाव बुडाली असेल तर?"

"आता ते मी कसं सांगू? आपण कुठले?"

"नगरचे. ख्रिस्ती आहोत."

"मग आपल्या देवाला सांगा ना."

"मघापासून तेच सांगतोय हो!"

"सांगून झालं ना? मग बसा. चाय घ्या."

पुरव्यातला (मातीच्या पेल्यातला) चहा हातात घेऊन मी पुन्हा पाण्याकडे वळलो. देवा, तिला आण, तिच्यावर पुन्हा चिडणार नाही, उपासनेला उशीर करणार नाही, असा माझा सौदा चालला होता. नदीवरून वल्ह्यांचा आवाजही येईनासा झाला. ती गेली आणि देवही गेला, असं मला खरोखर वाटलं.

ऊन वर आलं तेव्हा नाव काठाला लागली. रूथ धडधाकट होती. मी चारचौघांत तिचा हात धरला तो सोडेचना.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "धुक्यात तू काय मागितलंस?"

"आधी तुमचं सांगा."

"तू परत यावीस. दुसरं काय?"

"मीही घाबरले होते हो. दादा नावाड्यावर ओरडत होता. मी म्हटलं, देवा, मी नाही पोचले तर ह्यांना घरापर्यंत सोड. ह्यांना एकट्यानं जमत नाही."

ती घाबरली असेल, हे माझ्या एवढ्या लांबलचक प्रार्थनेत एकदाही आलं नव्हतं.

नगरला येऊन आता बरेच दिवस झाले. भीती आहे तशीच आहे. रूथ बाजारात गेली तरी मी प्रार्थनेला लागतो. "तिला परत आण" हे तोंडात येतंच, पण त्याच्या आधी म्हणतो, "तिला भीती वाटू देऊ नकोस."